वांग्याच्या पानामागचा तांबेरा

पाऊस सरत आला की प्रयोगशाळेतली लोखंडी कपाटं उघडायची, हे माझं दरवर्षीचं काम. दार उघडलं की आधी डांबरगोळ्यांचा वास येतो, मग त्याच्या मागून चार महिने कोंडलेल्या कागदांचा. पुड्या एकेक करून बाहेर काढायच्या, टेबलांवर पसरायच्या, पंखा अगदी हळू ठेवायचा. नवीन जालन्यात या दिवसांत सकाळी गाड्यांच्या सीटवर दव असतं आणि दुपारी माणूस घामानं निथळतो. पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालणारं माणूस जरा जास्तच निथळतं. माझ्या बाह्या तर मी शिंप्याला मुद्दाम दोन बोटं लांब शिवायला सांगते. तो बिचारा दर वेळी माप पुन्हा घेतो आणि दर वेळी मी त्याला गप्प करते.

आमच्या कपाटात फुलं नाहीत. कुणी पाहुणे आले आणि प्राचार्यांनी कौतुकानं त्यांना आमच्याकडे आणलं, की त्यांचा चेहरा पडतो. आमच्याकडे आजारी पानं आहेत. तांबेऱ्याची. उभ्या पिकातून चाललं की कपड्यांना गंजासारखी भुकटी लागते, तो तांबेरा. ती एक बुरशी असते. तसलं पान दाबून वाळवायचं, घडीच्या कागदात पुडी करून ठेवायचं, वर झाडाचं नाव, गाव, कधी तोडलं आणि कुणी तोडलं एवढं लिहायचं. झाली नोंद. पुढे कुणी कितीही वर्षं तिला हात लावला नाही तरी ती आपली खरीच राहते. ही गोष्ट मला या कामात सगळ्यात जास्त आवडते, आणि तिचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

भीतीचं कारण माझ्या फोनमध्ये आहे. विद्यापीठात हे संग्रह सांभाळणाऱ्या एक बाई आहेत. सगळ्या जुन्या-नव्या पुड्यांच्या नोंदी त्या आता संगणकावर चढवतायत, म्हणजे जगात कुणालाही त्या बघता येतील. पाऊस ओसरला की त्यांचा मेल येतो. यंदाही आला. 'हसनाबाद येथील वांग्यावरील तांबेऱ्याची पुडी आमच्याकडे आहे. झाडावरच्या जिवंत पानाचा फोटो अजून मिळालेला नाही. त्याशिवाय नोंद अपूर्ण राहते.' बाईंचं म्हणणं बरोबर आहे. पान वाळलं की त्याचा रंग जातो, आणि ओळख पटवायला तो रंग लागतो. फोटो माझ्याकडे आहे. स्पष्ट आहे, उजेड चांगला आहे, पान तर उत्तमच आलंय. पण ते पान धरलेला हात माझा आहे आणि त्या हातावर कोड आहे.

लिहिलं एकदाचं. अंगठ्याच्या मुळापासून कोपरापर्यंत पांढरे चट्टे आहेत, डाव्या हाताला थोडे कमी. दुखत नाहीत, खुपत नाहीत, कुणाला लागत नाहीत. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, रोग कशाला म्हणायचं आणि कशाला नाही हे मुलांना फळ्यावर लिहून देते, आणि खडू धरलेल्या हाताची बाही बोटांवर ओढून घेते. या विषयाकडे मी हातावरच्या डागांमुळे वळले असं एकदा एक सहकारी फार हळवं होऊन म्हणाल्या होत्या. माझं डोकंच फिरलं. खरं कारण एवढंच, की मी संशोधनाला पोहोचेपर्यंत आमच्या मार्गदर्शक सरांकडे बाकीचे सगळे विषय वाटून संपले होते.

*

हसनाबादला मी गेले त्याला तीन पावसाळे झाले. आमच्या कपाटात एक फार जुनी पुडी निघाली होती. वर निळ्या शाईत 'वांगे, पानाची मागची बाजू, हसनाबाद' असं लिहिलेलं, आणि उघडली तर आत नुसता तपकिरी चुरा. ज्यांनी ती बांधली ते सर मी कॉलेजात लागायच्या आधीच गेले. त्या चुऱ्यावरून काही ठरवता येईना, म्हणून विद्यापीठाला त्याच गावचं ताजं पान हवं होतं. आणि हसनाबाद तर माझ्या मामाचं गाव. मामा आता नाहीत, पण मामी आहेत, त्यांचं परस आहे, परसात वांगी आहेत. मी फोन केला. मामींची सून उज्ज्वला बोलली. "ताई, लय डाग पडलेत वांग्यावर. पान उलटं केलं की पिवळंपिवळं. या तुम्ही जल्दी."

मी म्हटलं येते, डाग बघायलाच येते. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, की लग्नकार्य आणि मयत सोडून मी या गावाला किती वर्षांत गेलेच नाही.

न जाण्याचं कारण भजी. ऐकायला विचित्र वाटेल. मी दहावीची परीक्षा देऊन मामाकडे गेले होते. मामींच्या मुलीला, माझ्या मामेबहिणीला, बघायला पाहुणे येणार होते. सकाळपासून घरात धावपळ, अंगणात सडा, ओसरीवर नवी सतरंजी. मला पण नवा ड्रेस होता, अर्ध्या बाह्यांचा. पाहुण्यांची जीप वाजली तशा मामी मला म्हणाल्या, "वंदे, तू भजी तळ गं. तुझ्या हातची लय झाक व्हतात." मी तोपर्यंत आयुष्यात भजी तळली नव्हती. मामींना ते माहीत होतं आणि मलाही. मी उठले आणि चुलीपुढे जाऊन बसले.

घरात एक कोड निघालं की त्या घरातल्या सगळ्याच मुलींकडे लोक निरखून बघतात. मामींना त्यांच्या पोरीचं जमवायचं होतं. यात मामींचं काय चुकलं हे मला आजही धड सांगता येत नाही. धुरानं डोळे भरून येत होते, भजी काही कच्ची राहत होती, काही जळत होती, आणि ओसरीवरून हसण्याचे आवाज येत होते. मध्येच पाहुण्यांतली एक बाई पाणी प्यायला आत आली. मामी झटकन माझ्या आणि तिच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या, पदर पसरून, नुसतं बोलायला उभं राहावं तशा. सोयरीक जमली. सगळ्यांनी भजी खाल्ली. 'छान झालीत' म्हणाले.

मला लाज वाटली ती डागांची नव्हे. डाग आता पाठ झाले होते. मला लाज वाटली ती याची, की मला काही सांगावंच लागलं नाही. मामींनी अर्धं वाक्य उच्चारलं आणि मी उठले. इतकी शहाणी मी कधी झाले, हे माझं मलाच कळलं नव्हतं. त्यानंतर मला कुठे लपवायची वेळ कुणावर आली नाही. ते काम मीच बघते.

*

त्या वर्षी मी पोहोचले तो दिवस घट बसायच्या आदल्या आठवड्यातला होता. आमच्याकडे घटांच्या आधी घरातलं एकूण एक चिंधूक धुवावं लागतं. सगळं हसनाबाद धुऊन वाळत घातलं होतं. कुंपणांवर गोधड्या, बैलगाडीच्या जुवावर गोधड्या, बंद पडलेल्या मोटारसायकलवर एक सतरंजी. कुठून तरी सोयाबीनच्या मळणीयंत्राची घरघर येत होती आणि हवेत त्याचा भुसा उडत होता. मामींच्या घराच्या भिंतींना नुकता चुना दिलेला. मामी दारातच उभ्या होत्या, हात कोपरापर्यंत ओले. वाकल्या आहेत आता जरा. मी पाया पडले तर म्हणाल्या, "किती वाळलीस गं." मी अजिबात वाळले नव्हते.

चहा होईतो मला धीर नव्हता. पिशवीतून भिंग काढलं, वर्तमानपत्रं काढली आणि सरळ परसात गेले. पलीकडे बांधाला लागून बाजरी उभी होती, कणसं खुडायला आलेली, पानं तांबेऱ्यानं लालसर झालेली. माझं काळीज सुपाएवढं झालं. बाजरीवर इतका आहे म्हणजे वांग्यावर असणारच. मग मी वांग्यांकडे बघितलं.

झाडं नुकतीच न्हाव्याकडून उठून आल्यासारखी दिसत होती. शेंड्याला चार कोवळी पानं, खाली नुसते देठ, आणि त्यात लटकणारी जांभळी वांगी. मी एक झाड बघितलं, दुसरं बघितलं. डागाचं एक पान शिल्लक नव्हतं.

"मामी, पानं कुठंयत?"

"कुठली?"

"डागाची! पिवळ्या डागांची."

"काढली न्हवं का. बिलकुल एक ठिवलं न्हाई," मामी मोठ्या समाधानानं म्हणाल्या. "सकाळधरनं तेच करून राह्यलो आमी."

माझा तोल सुटला. लाज वाटते सांगायला, पण मी त्या म्हाताऱ्या बाईवर तिच्याच परसात ओरडले. म्हटलं, अहो, मी जालन्याहून तेवढ्यासाठी आले, तुमच्या वांग्यांसाठी नाही आले, ती पानं मला हवी होती, आता वर्षभर थांबा! उज्ज्वला मधे पडली, "ताई, मी सांगत व्हते आईंला, पण त्या ऐकतच नव्हत्या." मी विचारलं, पानं टाकली तरी कुठे? तर थोडी चुलीत गेली होती आणि बाकीची शेळ्यांनी खाल्ली होती.

मामी पदरानं हात पुसत राहिल्या, ते कधीच कोरडे झाले होते तरी. मग खाली बघत म्हणाल्या, "उज्ज्वला म्हनली, वंदना डाग बघाया येऊन राह्यली. म्या म्हनलं, पोरगी इतक्या वर्सानं दारात येनार, अन् आपन तिच्याम्होरं डागच धरायचे का? तिला काय वाटंल."

मळणीयंत्राची घरघर मधेच थांबली होती, एवढं आठवतं. मला कानांपर्यंत गरम झालं. मी बाही बोटांवर ओढली. मामींनी ते बघितलं, आणि बघितलं हे मला कळू नये म्हणून बाजरीकडे तोंड फिरवलं.

*

पान सापडलं उज्ज्वलाला. बांधाच्या अगदी कडेचं झाड, त्याचं सगळ्यात खालचं पान चिखलाला टेकून उलटं पडलेलं. ओल्या मातीत हात घातल्याशिवाय ते उचलता येत नव्हतं. मी बाही वर सारली, गुडघे टेकले आणि पान अलगद उलटं केलं. होता. पानाच्या पाठीवर होता, हळदीची बोटं पुसावीत तसा, पिवळाधमक, जिवंत. "ताई, हलू नका, असंच धरा," उज्ज्वला म्हणाली. तिनं माझा फोन घेतला आणि फोटो काढला. तोच हा फोटो. त्या क्षणी माझ्या मनात हाताचा विचारही नव्हता. तसे क्षण माझ्या आयुष्यात फार नाहीत, आणि जो आला त्याचा नेमका फोटो निघाला.

मामी जवळ येऊन उभ्या होत्या. मघाच्या ओरडण्याचं मला इतकं वाईट वाटत होतं, की काय करावं ते न सुचून मी भिंग त्यांच्या हातात दिलं. म्हटलं, बघा तरी. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग एकदम म्हणाल्या, "अगं माय, वाट्या हायेत ह्या! बारीक बारीक, भरलेल्या!"

खरंच वाट्याच असतात त्या. नक्षीदार काठांच्या, पिवळ्या भुकटीनं भरलेल्या. वाऱ्यानं ती भुकटी उडते, शेजारच्या बाजरीवर पडते आणि तिथे लाल होऊन राहते. पुढे बाजरीवरून ती पुन्हा वांग्यावर येते. एकच बुरशी, दोन घरं. मी हे सांगितलं तर मामी म्हणाल्या, "म्हंजी याला बी माहेर-सासर हायेच." आणि हसल्या. मीही हसले. पदवीच्या मुलांना हे कळायला माझे दोन तास जातात.

मग मला भिंग परत देण्याऐवजी त्यांनी माझा अंगठा धरला. मी हात मागे घेऊ लागले, पण आयुष्यभर बाजरीची कणसं खुडलेली बोटं होती ती, सोडतात कुठली! त्यांनी भिंग माझ्या हातावर टेकवलं आणि वाकून बघत राहिल्या. पांढऱ्या चट्ट्यावर, मग त्याच्या कडेवर, मग पुन्हा चट्ट्यावर. आई, डॉक्टर आणि शिंपी सोडून माझा हात कुणी इतका वेळ बघितला नव्हता. मला रडू येईल असं वाटलं आणि रागही आला. मग त्यांनी ते भिंग स्वतःच्या हातावर ठेवून बघितलं.

"हितं तं काईच न्हाई गं," त्या म्हणाल्या. "वाट्या न्हाईत, काई न्हाई. नुस्ती कातडी हाय. बराबर माझ्यावानीच रेघा हायेत."

त्या बांधावर खाली बसल्या. भिंग मुठीतच होतं. "अन् याच्यापायी म्या तुला चुलीम्होरं बसवल्तं," असं म्हणाल्या.

मी 'जाऊ द्या मामी' म्हणाले. आणि हात सुटल्याबरोबर बाही खाली ओढली. हे लिहायला नको वाटतं, पण तेच घडलं. इतकं सगळं होऊनही माझ्या हातानं आधी ते केलं. बाही चिखलानं भरली होती, ती ओढल्यावर मनगटाला गार लागली.

दुपारी मामींनी मला ओसरीवर वाढलं, रस्त्याकडे तोंड करून. भरीत आणि नव्या बाजरीची भाकरी. चिखलाची बाही त्यांनीच पाण्यानं धुतली होती आणि ओली नको म्हणून वर दुमडली होती. येणारे-जाणारे विचारत होते, पाहुणी कोण? मामी आतून मोठ्यानं सांगत होत्या, "भाची हाय माझी. जालन्याला कॉलेजात शिकवती." त्यांना मला दाखवायचं होतं. मला ते कळत होतं, तरी मी मान वर न करता भराभर जेवले आणि पहिल्या एसटीनं परत आले. पान वर्तमानपत्रांत दाबलेलं, दोन्ही हातांनी मांडीवर धरलेलं.

*

त्यानंतर मामींच्या वांग्यांवर तांबेरा आला नाही. बांधापलीकडची बाजरी गेली, तिथे आता मका असतो. घट जवळ आले की मामींचा फोन येतो. आवाज असा पडलेला, की जणू माझं कुणी आजारी आहे. "यंदा बी न्हाई आला गं तुझा तांबेरा. म्या समदी पानं उलटी करकरून बघितली." परवाही आला होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाल्या, "तो फोटू पाठिवला का तू?"

मी 'हो' म्हणाले. दर वर्षी हेच म्हणते.

"मंग बराबर," मामी म्हणाल्या. "हसनाबादच्या वांग्याचं नाव झालं."

फोन ठेवल्यावर मी पसरलेल्या पुड्या बाजूला सारल्या. मग फोटो संगणकावर उघडला आणि अंगठा कापायचा पुन्हा एकदा प्रयत्न केला. तो पानाला असा चिकटून आहे की अंगठा काढला तर अर्धा तांबेराच जातो. हात धूसर करून बघितला. पेपरात आरोपीचा चेहरा झाकतात, हुबेहूब तसं दिसायला लागलं, आणि आरोपी मीच. दुसरा फोटो निघणार नाही, कारण ते पान आता नाही आणि दुसरं येत नाही. वांग्याची पानं डागांपायी खुडल्याबद्दल मी मामींवर ओरडले होते. आणि गेली तीन वर्षं मी इथे बसून तेच करते आहे, पंख्याखाली, माऊस हातात धरून. मला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या भरातच मी फोटो होता तसा पाठवून दिला.

पाठवल्यावर डोक्यात सुरू झालं, बाई काय म्हणतील, त्यांच्या कार्यालयात कोण कोण बघेल, मग जगात कोण कोण. संध्याकाळपर्यंत मी एकही पुडी धड परत लावली नाही. उत्तर आलं तेव्हा ते उघडायला हात धजेना.

'फोटो मिळाला. तांबेरा सुस्पष्ट दिसतो, आभार. मात्र पानाशेजारी मोजपट्टी ठेवलेली नाही, त्यामुळे आकाराचा अंदाज येत नाही. कृपया कळवावे.'

एवढंच होतं. खाली, वर, पुन्हा खाली वाचलं. हाताबद्दल एक अक्षर नव्हतं. माझ्या सगळ्या आयुष्यावर त्या बाईंचा एवढाच आक्षेप होता, की मी मोजपट्टी ठेवली नाही.

मी टेबलाचा दिवा लावला. ड्रॉवरमधून पट्टी काढली, बाही वर केली, हात दिव्याखाली ठेवला आणि अंगठ्याची रुंदी मोजली, नखाजवळची आणि मुळाशी, चट्टा सुरू होतो तिथली. दोन्ही आकडे लिहिले. खाली लिहिलं: पानाच्या आकारासाठी शेजारचा अंगठा प्रमाण धरावा. अंगठा माझा आहे.